डोंगरीत शिवलेली डांगरी

चिंचपोकळीहून सँडहर्स्ट रोड म्हणजे धीम्या गाडीने दोन स्टेशनं. मध्ये फक्त भायखळा. तरी साठी ओलांडेपर्यंत मी त्या स्टेशनावर कधी उतरले नव्हते. गेल्या तीन महिन्यांत पाच वेळा उतरले आणि पाचही वेळा एकाच दुकानात गेले. दुकान म्हणजे दहा बाय आठचा गाळा. दोन शिलाई मशीनं, एक काज-बटणाचं मशीन, कापायचं लाकडी टेबल आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या निळ्या डांगऱ्या, म्हणजे छातीपर्यंत येणाऱ्या, खांद्यावर बंद असलेल्या विजारी. गॅरेजवाले, गोदीत काम करणारे, बोटीवर जाणारे खलाशी इथून कामाचे कपडे शिवून नेतात. शिवणाऱ्या शिंप्याला सगळे चाचा म्हणतात. ते एकटेच शिवतात, हाताखाली एक मुलगा आहे.

दुकानाचं नाव मी लिहीत नाही. चाचांना विचारलं होतं, ते नको म्हणाले. "दोन हात हायत माझे, बाय. गर्दी झाली तर काम बिघडेल." त्यांचं म्हणणं पटलं. ज्यांना खरोखर हवं असेल त्यांनी स्टेशनच्या पश्चिमेला उतरून डोंगरीच्या दिशेने चालत जावं आणि डांगरी शिवणारे चाचा कुठे बसतात ते विचारावं. मला तिसऱ्या माणसाने थेट दारात नेऊन सोडलं.

सुरुवात झाली नातीच्या वाढदिवसापासून. तिला सहावं वर्ष लागणार होतं आणि तिला "पुढे खिसा असलेली डंगरी" हवी होती. लेकीबरोबर ठाण्यातल्या एका मॉलमध्ये गेले. तिथल्या मुलीने अगदी गोड बोलून आम्हाला वरच्या मजल्यावर पाठवलं, "मॅम, डंगरी वेस्टर्न वेअरमध्ये मिळेल." घेतली. १,८९९ रुपये. तिसऱ्या धुण्यात खांद्याच्या पट्टीचं बटण कापडासकट उपटून आलं. आतून पाहिलं तर सगळी शिलाई ओव्हरलॉकची, एका ठिकाणी दोरा ओढला की वीतभर उसवत जाणारी. पुढचा खिसा नुसता दिसायला होता, त्यात नातीचं खोडरबरसुद्धा राहत नव्हतं. कापडात ताणलं जाणारं रबरी सूत इतकं होतं, की महिन्याभरात गुडघ्यांना पोक आले. बदलून मागायला गेलो तेव्हा धुतलेला कपडा परत घेत नाही म्हणाले.

पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच. पण माझ्या मनात राहिला तो "वेस्टर्न वेअर" हा शब्द. कारण आमच्या घरात हा कपडा होता, आणि तो परक्याचा आहे असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं.

माझे वडील गिरणीत फिटर होते. साचाखात्यात माग बिघडला की त्यांना बोलावणं जायचं. ते घालायचे ती डांगरी. नातीची डंगरी आणि वडिलांची डांगरी यांत एका कान्याचा फरक, कपडा तोच: छातीपर्यंत आलेला पट्टा, खांद्यावरून मागे गेलेले बंद, मांडीवर पान्याचा खिसा. दोन जोड होते. एक अंगात, एक दोरीवर. आई शनिवारी धुण्याचा सोडा घालून ती उकळायची, तरी तेलाचा वास पूर्ण कधी गेला नाही. माझ्यासाठी वडिलांचा वास तोच. वडिलांनी गुडघे टेकून कामं केलेली, म्हणून गुडघ्यांवर निळा रंग उडून पांढुरकं व्हायचं. बाकी कापड गडद. मी लहानपणी त्या पांढऱ्या गोलांवर बोट फिरवायची.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यात वडील. परत आत गेले नाहीत. पुढच्या वर्षी कधीतरी आईने दोन्ही डांगऱ्या कापल्या. पायांच्या रेशनच्या पिशव्या झाल्या आणि त्या पिशव्यांनी आमचं घर दहा वर्षं ओढलं. छातीवरचा खिसा तिने अख्खा कापून भिंतीवर खिळ्याला लावला. त्यात कंगवा, लाइट बिल, रेशनकार्ड. चाळ गेली, टॉवर आला, आई गेली, तो खिसा माझ्याकडे आहे. सुया आणि रिळं ठेवते त्यात.

डंगरीचं बटण तुटलं त्या आठवड्यात मी तो खिसा समोर घेऊन बसले आणि मनात आलं, हा शब्द मुळात आला कुठून? मी तीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. शब्द अडला की कोश काढायचा ही सवय निवृत्त झाले तरी सुटलेली नाही. इंग्रजी कोशात 'डंगरी' सापडतो: जाडंभरडं सुती कापड, आणि त्याचे कामाचे कपडे. मूळ हिंदुस्थानी, असंही दिलेलं असतं. मग मी मोल्सवर्थ उघडला.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश माझ्या नोकरीत मी हजार वेळा कपाटातून काढून दिला असेल. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. आमच्याकडे पुण्याहून १९७५ साली निघालेलं पुनर्मुद्रण होतं, आणि निवृत्तीच्या वेळी माझ्या सहकाऱ्यांनी मला तेच भेट दिलं. त्यात 'डोंगरी' शब्दाशी 'डोंगरी कापड' अशी नोंद आहे. अर्थ असा दिला आहे: मुळात डोंगरी किल्ल्यालगतच्या वस्तीत विकलं जाणारं साधं देशी कापड, आणि आता हलक्या, कमी किमतीच्या सुती कापडाला सरसकट वापरला जाणारा शब्द.

मी ती नोंद तीनदा वाचली. डोंगरी म्हणजे आपली डोंगरी. माझ्या घरापासून दोन स्टेशनांवरची.

पुढची गोष्ट ग्रंथालयात काम केलेल्या माणसाला जास्त लागते, म्हणून जरा सविस्तर सांगते. हेन्री यूल आणि बर्नेल या दोघा ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा मोठा कोश केला, तो 'हॉब्सन-जॉब्सन' म्हणून ओळखला जातो. साल १८८६. त्यात डंगरीची नोंद आहे आणि तिच्यात त्यांनी लिहिलंय की हा शब्द आम्हाला माहीत असलेल्या कुठल्याही कोशात नाही. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती तोवर छापून २९ वर्षं झाली होती! शब्द मराठी कोशात, मराठीच्या क्रमाने, जागच्या जागी बसलेला होता. पुढे विल्यम क्रूक यांनी १९०३ साली हॉब्सन-जॉब्सनची सुधारलेली आवृत्ती काढली, तेव्हा कंसात मोल्सवर्थचा आधार देऊन ती चूक दुरुस्त झाली. इंग्रजी शब्दाचं कूळ शोधायचं तर मराठी कोश उघडावा लागतो, याचा मला फार आनंद झाला. तो लपवण्याचं काही कारण नाही.

त्याच नोंदीत जुने दाखले दिले आहेत. सर्वांत जुना १६१३ चा. कॅप्टन जॉन सॅरिस नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस लवंगा घ्यायला पार मोलुक्का बेटांवर गेला होता. तिथे पैशांपेक्षा कापड चालायचं. खंबायत आणि कोरोमंडलचं सुती कापड द्यायचं, लवंगा घ्यायच्या. त्याने कुठल्या कापडाला किती लवंगा मिळाल्या ते लिहून ठेवलंय, आणि त्या यादीत आपली डोंगरी आहे. इंग्रजी कानाने ऐकल्यामुळे जरा वाकड्या स्पेलिंगात, पण ओळखू येते. चांगल्यातल्या डोंगरीला बारा कट्टी (कट्टी म्हणजे तिकडचं वजनाचं माप) लवंगा. भडोचच्या एका कापडाला त्याच यादीत सहा. गरिबांचं कापड म्हणून कोशात नोंदलेल्या या कापडाला एके काळी लवंगांच्या बेटावर असा भाव होता.

साल बघा. १६१३ मध्ये मुंबई इंग्रजांची नव्हतीच, पोर्तुगीजांची होती. इंग्लंडच्या राजाला ती लग्नात मिळाली त्या तहाचं साल १६६१, आणि कंपनीकडे आली १६६८ मध्ये. म्हणजे मुंबईच्या आधी मुंबईचं कापड इंग्रजीत पोचलं. फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर १६७३ च्या सुमाराला किनाऱ्यावरच्या बंदरांची यादी देताना कारवारपुढे लिहितो: डंगरी आणि वजनदार मिरी. तोवर ते एका वस्तीचं कापड उरलं नव्हतं, कापडाची जात झाली होती. जाडी आणि टिकाऊ वीण, ताण्यात आणि बाण्यात दोन-दोन सुतं एकत्र घेऊन विणलेली. बारीक प्रतीचं अंगावर, जाड प्रतीचं गलबतांच्या शिडांना आणि तंबूंना. खलाशांच्या अंगावर हे कापड का चढलं ते इथून समजतं. शीड शिवायचं कापड, त्याचीच विजार.

आणि ज्या डोंगरावरून डोंगरी, तो डोंगर? तो नाही. इंग्रजांनी १७६९ मध्ये डोंगरीचा किल्ला होता ती टेकडी सपाट करून तिथे फोर्ट जॉर्ज बांधला, तो १८६२ मध्ये पाडला. सीएसएमटीजवळच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या नावात त्याची आठवण उरली आहे. टेकडी गेली, किल्ला गेला, कापडाचा बाजार गेला. शब्द अमेरिकेपर्यंत जाऊन वर्कशॉपमधून परत माझ्या वडिलांच्या अंगावर आला. येताना 'डो' चा 'डां' झाला इतकंच.

हे सगळं वाचल्यावर नातीची दुसरी डंगरी मॉलमधून घेणं मला शक्यच नव्हतं. ती डोंगरीतच शिवायची.

लेक घाबरली. डोंगरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातली डोंगरी येते. माझ्या वडिलांच्या तोंडी डोंगरी म्हणजे टिळक-आगरकर ज्या तुरुंगात १८८२ मध्ये १०१ दिवस होते ती डोंगरी. मी पाच वेळा गेले, दोनदा संध्याकाळी सातनंतर परत निघाले. गर्दी आहे, हातगाड्या आहेत, खाली बघून चालावं लागतं. एकाही माणसाने वाकडी नजर केली नाही. एका बाईने तर पाऊस आला तेव्हा मला तिच्या दारात वीस मिनिटं बसवून ठेवलं.

चाचा दापोलीकडचे. कोकणी मुसलमानांच्या घरातली मराठी बोलतात, कानाला फार गोड. मी पहिल्या दिवशी हिंदीत सुरुवात केली तर म्हणाले, "बाय, मराठीत बोल ना." पंचाहत्तरीच्या आसपास असतील. चष्मा नाकाच्या टोकावर, मानेभोवती टेप.

मी वडिलांचा खिसा बरोबर नेला होता. नमुना म्हणून. चाचांनी तो हातात घेतला आणि मशीन थांबवलं. आधी उलटा केला. माणसं कपडा सुलटा बघतात, शिंपी उलटा बघतो हे मला त्या दिवशी कळलं. मग खिडकीकडे नेऊन अंगठ्याच्या नखाने टाके मोजले. इंचाला नऊ. "घाईचं काम नाय हे." खिशाचे दोन भाग आहेत, एक रुंद आणि एक अगदी अरुंद. अरुंद कशाला, हे मला एकसष्ट वर्षांत कळलं नव्हतं. मी समजत होते पेन्सिलीला. चाचांनी टेबलावरची सहा इंची पोलादी पट्टी उचलली आणि त्यात सरकवली. तंतोतंत बसली, वर अर्धा इंच उरला, धरून ओढायला. फिटरची पट्टी! वडिलांच्या हातात ती पट्टी मी पाहिलेली होती, पण तिची जागा भिंतीवर चाळीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती ते दिसलं नव्हतं.

मग त्यांनी खिशाच्या तोंडाची घडी उलगडून दाखवली. आत कापडाची मूळ किनार होती, पांढऱ्या सुताची, सरळ, कुठेही धागा न सुटलेली. "हा काठ बघ. धोट्याच्या मागावरचा." धोटा, म्हणजे मागात आडवा धागा नेणारी नळी, जातो आणि तोच धागा घेऊन परत येतो, म्हणून काठ आपोआप बंद होतो. आताचे माग बिनधोट्याचे, आडवा धागा प्रत्येक फेरीला तुटतो, म्हणून कडेला झालर राहते आणि ती दुमडून शिवावीच लागते. जुने शिंपी हा काठ मुद्दाम खिशाच्या तोंडाशी घ्यायचे. तिथे हात सारखा जातो, कापड तिथे आधी झिजतं. बंद काठ असला की दुमड एक कमी आणि मजबुती जास्त. असं कापड मुंबईत आता त्यांना मिळत नाही म्हणाले. मी साचेवाल्यांच्या वस्तीत वाढलेली बाई, धोट्याचा खडखडाट ऐकत झोपलेली, आणि धोट्याने कापडाला काय दिलं ते मला डोंगरीत कळलं.

कापड त्यांनी मलाच आणायला सांगितलं. ते कापड ठेवत नाहीत, फक्त शिलाई घेतात. मंगळदास मार्केटमधून आणलं. चाचांनी चिठ्ठी लिहून दिली होती: दहा औंस वजनाचं, स्ट्रेच नको, पन्हा अठ्ठावन्न. दुकानदार स्ट्रेचच गळ्यात मारत होता, "आजकाल सगळे तेच नेतात." चिठ्ठी दाखवल्यावर गप्प बसला आणि आतून दुसरा तागा काढला. २४० रुपये मीटर. दीड मीटर घेतलं. ते घरी रात्रभर भिजवायचं, धुऊन वाळवायचं आणि मग चाचांकडे न्यायचं, हा त्यांचा नियम. मी मोजून पाहिलं, दीड मीटरचं कापड वाळल्यावर साडेचार सेंटिमीटर कमी भरलं. हे आटणं शिवल्यावर झालं असतं तर पायांत आखूड झाली असती. मॉलमधली डंगरी घोट्यावर का चढली त्याचं उत्तर बादलीत मिळालं.

निळ्या कापडाबद्दल अजून एक. उभे धागे निळीत रंगवलेले, आडवे पांढरे. नीळ सुताच्या वरवर बसते, गाभ्यापर्यंत जात नाही. जिथे घासलं जातं तिथे वरचा थर जातो आणि आतलं पांढरं वर येतं. वडिलांच्या गुडघ्यांचे गोल म्हणजे ते. या वीणीला आज जग डेनिम म्हणतं, फ्रान्समधल्या नीम गावावरून. जीन हा शब्द इटलीतल्या जिनोआचा. त्या गावांची नावं कुणी विसरलेलं नाही, प्रत्येक फॅशनच्या लेखात येतात. त्यांच्या बरोबरीने डोंगरीचं नाव यावं असं मला मनापासून वाटतं. आणि इंडिगो? तो तर 'हिंदुस्थानचा' याच अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला.

आता शिलाई. नातीच्या डांगरीचे ५५० रुपये, पितळी बकलांचे ९० वेगळे. कपडा हातात आला तेव्हा मी चाचांसारखाच आधी उलटा केला. आत एकही उघडी कड नाही. दोन्ही कापडांच्या कडा एकमेकींत दुमडून वरून दोन ओळी मारलेल्या. ओव्हरलॉकचा एक टाका नाही. चाचांकडे दोन सुयांचं मशीन नाही, ते एका सुईवर दोनदा फिरवतात, आणि दोन ओळींमधलं अंतर पायापासून खांद्यापर्यंत एकसारखं आहे. मी फूटपट्टी लावून पाहिलं. खिशांच्या कोपऱ्यांवर मागेपुढे घट्ट टाके घेतलेत. खिशांचं अस्तर मांजरपाटाचं. पट्टीचं बटण जिथे बसतं तिथे आतून कापडाचा दुहेरी तुकडा घातलाय, म्हणजे बटण उपटलं जाणार नाही. आणि छातीवर खिसा: दोन भागांचा, एक रुंद, एक अरुंद. मी सांगितलं नव्हतं. नात त्यात रंगाचा खडू ठेवते, कधी ब्रश. पायाला आतून तीन इंच कापड दुमडून ठेवलंय आणि ते मोठ्या टाक्याने धरलंय, मूल वाढलं की उसवून सोडायचं. तीन वर्षं चालेल म्हणाले. तेव्हापासून नातीने ती आठवड्यातून दोनदा घातली आहे, दोनदा धुतली आहे, घसरगुंडीवर घासली आहे. टाका हललेला नाही.

तक्रारी आहेत, त्या सांगते. आठ दिवसांनी देतो म्हणाले आणि सतराव्या दिवशी दिली. वाढदिवस टळून गेला होता. नात त्या दिवशी रडली, आणि मला अजून ते डाचतं. नक्की तारीख गाठायची असेल तर महिनाभर आधी कापड द्या आणि मधे एकदा जाऊन या. फोन ते उचलत नाहीत, कारण मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही. पावती मिळत नाही, वहीत नाव आणि माप लिहितात. मापाची वही मात्र चोख, दुसऱ्या खेपेला पान उघडून माझ्यासमोर ठेवली. बायकांना कपडा घालून बघायला आडोसा नाही. मी शेजारच्या घरात जाऊन बघितला, त्या घरच्यांनी आनंदाने दार उघडलं, पण ही सोय सगळ्यांना रुचेल असं नाही. पहिल्या दोन धुण्यांत रंग उतरतो. नातीचे पांढरे मोजे निळे झाले. थंड पाण्यात वेगळी धुवा आणि उलटी करून सावलीत वाळवा. खांद्याच्या पट्ट्या लांब झाल्या होत्या, त्या त्यांनी समोर बसवून पाच मिनिटांत आखूड करून दिल्या, पैसे घेतले नाहीत. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी दुकान बंद असतं, तेव्हा जाऊ नका.

तिसऱ्या खेपेला मी मोल्सवर्थच्या पानाची झेरॉक्स नेली. चाचांना मराठी वाचता येतं. बोट ठेवून त्यांनी 'डोंगरी कापड' वाचलं, इंग्रजी अर्थ मी सांगितला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हाताखालच्या मुलाला बोलावलं आणि त्याला परत वाचून दाखवलं. "पन्नास वर्षं शिवतोय, बाय. मला वाटायचं इंग्रजांचा कपडा." २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने सँडहर्स्ट रोड स्टेशनचं नाव डोंगरी करायला मंजुरी दिली, ती बातमी त्यांना माहीत होती. स्टेशनच्या नावात काय ठेवलंय असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. आता म्हणाले, पाटी लवकर लावली पाहिजे.

त्याच दिवशी मी माझं माप दिलं. एकसष्टाव्या वर्षी डांगरी. लेक हसली, नातीने टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी बारा औंसाचं कापड, अडीच मीटर, शिलाई ११००. वडिलांसारखीच, मांडीवर पान्याच्या खिशासकट. चाचांनी विचारलं, तुला पाना कशाला लागतो? मी म्हटलं, बागेतली खुरपी ठेवीन. आमच्या टॉवरच्या गच्चीवर आम्ही चौघी बायका भाज्या लावतो. त्या खिशाला त्यांनी तळाशी दुहेरी कापड लावलं, कारण खुरपीचं टोक भोक पाडतं.

तेराव्या दिवशी मिळाली. जड आहे. पहिले दोन दिवस खांद्यांवर ओझं वाटलं, मग कापड अंगाच्या वळणाने बसायला लागलं. गच्चीवर गुडघे टेकून मेथी उपटायला आता चटई लागत नाही. काल धुताना पाहिलं, उजव्या गुडघ्यावर रंग थोडा फिका व्हायला लागलाय. डाव्या अजून नाही.

नातीच्या वर्गातल्या दोन मुलींच्या आयांनी पत्ता मागितलाय. त्यांना मी आधी मंगळदास मार्केटला पाठवणार आहे, चाचांची चिठ्ठी देऊन. स्ट्रेच घेऊन आल्या तर ते परत पाठवतील.